जुन्या वाफेच्या मॉडेल इंजिनाला हात लावण्याआधी

जुनं, खरोखर वाफेवर चालणारं मॉडेल इंजिन पहिल्यांदा हातात आलं ना की मनात एकच येतं, पाणी भरू, स्पिरिट पेटवू, चालतंय का बघू. हा मोह आवरा. खरंच आवरा. मी आतापर्यंत जी कायमची गेलेली इंजिनं पाहिलीत त्यातली बरीचशी चालून चालून झिजलेली नव्हती, ती कपाटात पन्नास वर्षं शांत बसून होती आणि कुणीतरी एका संध्याकाळी उत्साहात पेटवली आणि संपली. म्हणून हा लेख थोडा उलटा लिहितोय, चालवायचं कसं ते अगदी शेवटी येईल, आधी आत काय आहे ते.

पहिलं म्हणजे कशाबद्दल बोलतोय ते. वाफेच्या इंजिनासारखी दिसणारी मॉडेल्स तीन प्रकारची सापडतात. चावीवाली, ज्यात आत स्प्रिंग असते. विजेवर चालणारी. आणि तिसरी, ज्यात खरा बॉयलर असतो, खरी आग लागते आणि खरी वाफ पिस्टन ढकलते, तिला लाइव्ह स्टीम म्हणतात. मी तिसऱ्याबद्दल बोलतोय, पण रंग, चाकं, स्क्रू यांचं जे पुढे सांगणार आहे ते पहिल्या दोघांनाही लागू होतं.

आता बॉयलर. प्रेशर कुकर सगळ्यांना माहितीये, त्यात वातावरणापेक्षा साधारण १ बार जास्त दाब असतो आणि त्यामुळे पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. लहान खेळण्यातल्या इंजिनाचा बॉयलर साधारण याच दाबावर चालतो, १ बार, फार तर दीड. म्हणजे आतलं पाणी १२० ते १२७ अंश. हा आकडा लक्षात ठेवा. आता दुसरा आकडा. जुन्या खेळण्यातल्या इंजिनांचे बॉयलर बहुतेक वेळा पितळेच्या पत्र्याचे असतात आणि त्यांचे सांधे साध्या मऊ सोल्डरने, म्हणजे कथील आणि शिसं यांच्या मिश्रणाने डाख लावून जोडलेले असतात. हे मिश्रण १८३ अंशांना वितळायला लागतं. १२७ आणि १८३, मध्ये फक्त ५६ अंश आहेत आणि खाली स्पिरिटची ज्योत जळतेय जी शेकड्यांनी अंश जास्त गरम आहे.

मग तो सांधा टिकतो कसा? पाण्यामुळे. पत्र्याच्या आतल्या बाजूला पाणी लागून असतं तोवर ज्योतीची उष्णता पत्र्यातून सरळ पाण्यात जाते, पाणी तिची वाफ करून टाकतं, आणि पत्रा पाण्यापेक्षा फारसा गरम होऊच शकत नाही. आगीवर ठेवलेल्या कागदाच्या द्रोणात पाणी उकळतं आणि कागद जळत नाही तो प्रयोग शाळेत बघितला असेल, अगदी तेच. पण पाणी संपलं की त्या क्षणापासून पत्र्याला थंड ठेवणारं कुणीच नाही, तापमान मिनिटभरात १८३ च्या पलीकडे जातं आणि सांधे सुटतात. बॉयलरच्या टोकाची टोपी घसरते, आतल्या नळ्या मोकळ्या होतात, चिमणीच्या बुडाशी चांदीसारखे थेंब जमलेले दिसतात. जुनं इंजिन विकत घेताना मी पहिल्यांदा तेच थेंब शोधतो. बॉयलरच्या पोटाखाली निळसर काळपट डाग, पत्रा थोडा खाली झुकलेला, सांध्याजवळ सोल्डर ओघळून गोठलेलं, यातलं काहीही दिसलं की समजायचं हे एकदा कोरडं जळलंय. घेऊ नका असं नाही म्हणत, पण दाखवायचं इंजिन म्हणून घ्या, चालवायचं म्हणून किंमत देऊ नका.

आता प्रश्न येतो की आत पाणी किती उरलंय हे कळणार कसं, कारण बहुतेक लहान जुन्या इंजिनांना पाण्याची काच नसतेच. ज्यांनी ही खेळणी बनवली त्यांनी याचं फार सुंदर उत्तर काढलं होतं, स्पिरिटच्या टाकीचा आकारच असा ठेवायचा की स्पिरिट आधी संपेल आणि पाणी नंतर. म्हणजे इंधन हेच घड्याळ. म्हणूनच मूळ बर्नर हरवलेलं इंजिन आलं आणि तुम्ही त्याला दुसराच मोठा बर्नर लावलात तर तुम्ही नुसता एक भाग बदलत नाही, ते घड्याळच बिघडवताय. अशा वेळी माप स्वतः काढावं लागतं. समजा बॉयलरमध्ये एकूण १५० मिली पाणी मावतं, तर इंजेक्शनच्या सिरिंजने मोजून पाऊण, म्हणजे साधारण ११० मिली भरायचं, वर वाफेला जागा ठेवायची. १० मिली स्पिरिट जाळायचं, पूर्ण गार होऊ द्यायचं, पाणी काढून मोजायचं. आणि इथे एक फसगत आहे ती नीट समजून घ्या, समजा १० मिली स्पिरिटात २० मिली पाणी गेलं तर २० मिलीत ४० जाईल असं नाही, कारण पहिल्या स्पिरिटातली निम्मी उष्णता गार पाणी उकळीपर्यंत आणण्यातच गेली, पुढच्या १० मिलीची सगळी उष्णता वाफ करण्यात जाणार, त्यामुळे एकूण ६० च्या जवळ जाऊ शकतं. म्हणून हळूहळू वाढवत जायचं आणि शेवटी पाव बॉयलर पाणी उरेल तिथे थांबायचं.

दाबाची भीती वाटते का लोकांना, तर वाटते आणि थोडी वाटायलाच हवी. पाण्याची वातावरणाच्या दाबाला वाफ होते तेव्हा ते मूळच्या साधारण १७०० पट जागा घेतं. म्हणजे बॉयलर फुटला तर धोका नुसत्या आत साठलेल्या वाफेचा नसतो, आत १२० अंशांवर असलेलं पाणी दाब सुटल्या सुटल्या उकळायला लागतं आणि त्यातला काही भाग क्षणात वाफ होतो, खरी साठवलेली ताकद तिथे असते. लहान इंजिनात ही ताकद कमी असते, पण चेहरा भाजायला पुरेशी असते आणि आपण तर वाकून कौतुकाने बघत असतो.

म्हणून थंड पाण्याची चाचणी, तिला हायड्रॉलिक टेस्ट म्हणतात. कल्पना सोपी आहे. पाणी दाबलं तरी जवळजवळ आकसत नाही, त्यामुळे थंड पाण्याने दाब दिलेला बॉयलर फुटला तरी स्फोट होत नाही, नुसतं पाणी झिरपतं किंवा एक पिचकारी उडते. बॉयलर गळ्यापर्यंत भरायचा, हवेचा एकही बुडबुडा ठेवायचा नाही, कारण हवा स्प्रिंगसारखी दबते आणि ताकद साठवते, मग सगळी चाचणीच फुकट. सेफ्टी व्हॉल्व्ह काढून तिथे बूच, दुसरीकडे हातपंप आणि दाबाचा मीटर. दाब हळूहळू चालवायच्या दाबाच्या दुप्पट न्यायचा, दहा-पंधरा मिनिटं ठेवायचा, काटा पडतो का बघायचं, सांध्यांवर कोरडा टिश्यू फिरवायचा. पुढे दर काही वर्षांनी परत, तेव्हा दीडपट पुरते असं मॉडेल इंजिनवाल्यांत मानलं जातं. फार जुन्या, पत्रा पातळ झालेल्या बॉयलरला मात्र मी दुप्पट दाब देत नाही, चाचणीतच तो ताणला जाऊ शकतो, असं इंजिन मी सरळ कपाटात ठेवतो. आणि हवेच्या कॉम्प्रेसरने ही चाचणी कधीच करायची नाही. कधीच म्हणजे कधीच.

गळती सापडली तर? इथे सगळ्यात जास्त नासाडी होते. आपल्याला वाटतं मऊ सोल्डर कमजोर, मग चांदीचं सोल्डर लावू, ते ६०० अंशांच्या वर वितळतं, बॉयलर कायमचा पक्का. नव्या तांब्याच्या बॉयलरला ते बरोबरच आहे, आजचे चांगले बॉयलर तसेच बनतात. पण ज्या सांध्यात आधी शिसं आणि कथील मुरलंय तिथे ते तापवलं की शिसं-कथील खालच्या तांब्या-पितळेला अक्षरशः खातं आणि सांधा ठिसूळ होतो, भोकंसुद्धा पडतात. जुन्या सोल्डरचा प्रत्येक कण काढता आला तरच चांदी लावायची आणि ते जवळजवळ होत नाही. म्हणून मऊ सोल्डरचा बॉयलर मऊ सोल्डरनेच दुरुस्त करायचा, नाहीतर मूळ बॉयलर तसाच जपून ठेवायचा आणि त्याच मापाचा नवा, चांदीच्या सोल्डरचा बॉयलर बनवून आत बसवायचा. मला दुसरा मार्ग जास्त आवडतो कारण त्यात परत फिरता येतं. उद्या कुणाला मूळ इंजिन जसंच्या तसं हवं असेल तर चार स्क्रू काढले की झालं.

हे परत फिरता येणं माझ्यासाठी या सगळ्या छंदातली मुख्य गोष्ट आहे, पुढे रंगाचं आणि स्क्रूंचं सांगताना परत येईलच.

थोडं संग्रहाकडे वळतो कारण काय हातात आहे ते ओळखल्याशिवाय दुरुस्ती ठरवता येत नाही. सगळ्यात जुनी सापडणारी इंजिनं एकोणिसाव्या शतकातली, पितळेची, शास्त्रीय उपकरणं बनवणाऱ्या इंग्लंडमधल्या कारागिरांनी केलेली, त्यांना रूळ नसायचे, जमिनीवरच पळायची आणि पुढची चाकं थोडी तिरकी बसवलेली असायची म्हणजे गोल गोल फिरतील. मागे पाण्याची आणि तेलाची ओली रेघ सोडत जायची म्हणून संग्राहक त्यांना ड्रिब्लर म्हणतात, लाळ गाळणारी. मग १८९१ मध्ये जर्मनीतल्या मार्कलिन कंपनीने लाइपझिगच्या जत्रेत ठरावीक गेजांचे, म्हणजे दोन रुळांमधल्या ठरावीक अंतरांचे, रूळ आणि गाड्या मांडल्या, आणि तिथून मॉडेल रेल्वे ही वाढवत नेता येणारी गोष्ट झाली. आज ० गेज म्हणजे ३२ मिमी आणि १ गेज म्हणजे ४५ मिमी, पण जुन्या जर्मन कॅटलॉगात ३५ आणि ४८ दिसले तर गोंधळू नका, तेव्हा रुळांच्या आतल्या कडांऐवजी मध्यापासून मध्यापर्यंत मोजायचे, रूळ तोच आहे.

न्यूरेंबर्गची बिंग कंपनी तेव्हा खेळण्यांच्या जगात प्रचंड मोठी होती. इंग्लंडमध्ये नॉर्थम्प्टनचे मॉडेल विक्रेते बॅसेट-लोक यांनी १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात बिंगचं काम बघितलं आणि मग खऱ्या ब्रिटिश इंजिनांसारखी दिसणारी मॉडेल्स त्यांच्याकडून बनवून घेतली, हेन्री ग्रीनली यांची डिझाइन्स त्यात होती. त्यामुळे इंग्लिश नावाने विकलेल्या इंजिनावर जर्मन शिक्का सापडू शकतो आणि तो खोटा नसतो. शिक्क्यावरून काळही कळतो, जीबीएन अक्षरं असली तर बिंगचा आधीचा काळ, बीडब्ल्यू असली तर पहिल्या महायुद्धानंतरचा, आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ती कंपनीच संपली. पुढे खूप नंतर, १९७९ च्या सुमारास, इंग्लंडमधल्या मॅमॉड कंपनीने साधं, स्वस्त ० गेजचं वाफेचं इंजिन काढलं, ते आजही भरपूर सापडतं आणि नवशिक्यानं हात बसवायला मी तेच सुचवेन, कारण त्याचे सुटे भाग मिळतात आणि चूक झाली तर शंभर वर्षांचा इतिहास पुसला जात नाही.

इंजिनाच्या ताकदीचा एक किस्सा इथेच सांगतो. १९२० च्या दशकापर्यंत लहान मॉडेलला स्पिरिटच ठीक, कोळसा एवढ्या छोट्या चुलीत नीट जळणार नाही असं बरेच जाणते मानायचे. एलबीएससी या अक्षरांखाली लिहिणाऱ्या एका इंग्लिश मॉडेल इंजिनिअरने अडीच इंची गेजचं कोळशावरचं आयेशा नावाचं इंजिन बनवून त्यामागे माणसं बसवून ओढून दाखवली आणि तो वाद इतका रंगला की त्याला बॉयलरांची लढाई असंच नाव पडलं. आज बागेत माणसांना ओढणारी जी छोटी कोळशाची इंजिनं दिसतात त्यांचा रस्ता तिथून मोकळा झाला.

आता सिलिंडर, मला सगळ्यात आवडणारा भाग. खेळण्यातल्या इंजिनात बहुतेक वेळा हलता सिलिंडर असतो. खऱ्या रेल्वे इंजिनात वाफ आत कधी सोडायची आणि बाहेर कधी हे ठरवायला वेगळा सरकता व्हॉल्व्ह, त्याला हलवणारे दांडे असं सगळं असतं. खेळण्यात ते सगळं काढून टाकलंय आणि सिलिंडरलाच एका खिळीवर डोलायला लावलंय. सिलिंडरच्या सपाट बाजूला एक भोक, समोरच्या ठोकळ्याला दोन भोकं, एक वाफ येण्याचं, एक जाण्याचं. चाक फिरतं तसा सिलिंडर एका बाजूला झुकतो, त्याचं भोक वाफेच्या भोकासमोर येतं, वाफ आत शिरून पिस्टन ढकलते, चाक पुढे गेलं की सिलिंडर दुसरीकडे झुकतो, भोक जाण्याच्या वाटेसमोर येतं आणि वाफ बाहेर पडते. तो छक छक आवाज तिथला. एक हलणारा भाग दोघांचं काम करतो, मला आजही हे बघताना हात जोडावेसे वाटतात.

पण सगळा खेळ त्या दोन सपाट बाजू एकमेकींना घट्ट टेकण्यावर आहे. एक स्प्रिंग त्यांना दाबून धरते. मध्ये एक ओरखडा असला की वाफ बाजूने निसटते, इंजिन फुसफुसतं आणि जागचं हलत नाही. मग लोक स्प्रिंग आवळतात. नका आवळू. त्याने घर्षण वाढतं, झीज वाढते, आणि शिवाय ती स्प्रिंग एक प्रकारचा जादा सेफ्टी व्हॉल्व्हसुद्धा असते, दाब फार वाढला तर सिलिंडर किंचित उचलला जाऊन वाफ सुटते, तो मार्ग तुम्ही बंद करताय. खरा उपाय म्हणजे बाजू परत सपाट करणं. जाड सपाट काच घ्यायची, वर ६०० नंबरचा पॉलिश पेपर, पाणी किंवा पातळ तेल, आणि सिलिंडरची बाजू नुसत्या बोटांच्या वजनाने इंग्रजी आठच्या आकड्यासारखी फिरवायची, सरळ पुढे-मागे केलं तर एक कड जास्त घासली जाते. आधी त्या बाजूवर मार्करने रेघा मारून घ्या, जिथे रेघ उरली तिथे खड्डा आहे हे लगेच दिसतं. मग १००० किंवा १२०० वर शेवट. नंतर धुणं, परत धुणं, भोकांत एक कण राहिला तरी तो तुमची सगळी मेहनत पहिल्या पाच मिनिटांत खरवडून टाकेल.

मोठ्या, सरकत्या व्हॉल्व्हच्या इंजिनांना एक वेगळी गोष्ट बघावी लागते, दोन्ही बाजूंच्या क्रँक, म्हणजे पिस्टनचा दांडा जिथे चाक फिरवतो ते भाग, एकमेकींना ९० अंशात हव्यात. म्हणजे एका बाजूचा पिस्टन टोकाला पोचून अडला असेल तेव्हा दुसरा मधोमध, पूर्ण जोरात असतो, म्हणून इंजिन कुठूनही सुरू होतं. चाक आसावर सैल होऊन थोडं जरी फिरलं असेल तर इंजिन लंगडतं, आणि आपण उगाच व्हॉल्व्हशी झटत बसतो. आधी चाकं बघा.

तेलाबद्दल लोक फार हलगर्जी असतात. शिवणयंत्राचं किंवा गाडीचं तेल सिलिंडरमध्ये घालतात आणि दोन फेऱ्यांत ते वाफेने धुऊन निघतं. सिलिंडरमध्ये ओलं, गरम वातावरण असतं आणि ओल्या धातूला चिकटून राहणारं तेल लागतं, ते स्टीम ऑइल म्हणून वेगळं मिळतं, जाड, ४६० किंवा ६८० ग्रेडचं, त्यात पूर्वीपासून थोडी चरबी मिसळायची पद्धत आहे, चिकटण्यासाठीच. हे तेल वाफेत जातं कसं तेही बघण्यासारखं आहे. बऱ्याच इंजिनांवर एक छोटी बंद डबी असते, तेलाने भरलेली, वाफेच्या नळीला एका बारीक भोकाने जोडलेली. वाफ आत शिरते, गार होऊन पाणी बनते, पाणी जड म्हणून तळाला जातं आणि तेवढंच तेल वर उचलून भोकातून नळीत ढकलतं. पंप नाही, हलणारा भाग नाही. जॉन रॅम्सबॉटम नावाच्या इंग्लिश रेल्वे इंजिनिअरने १८६० मध्ये खऱ्या इंजिनांसाठी ही युक्ती आणली होती आणि ती इतकी साधी आहे की अंगठ्याएवढ्या डबीतही तशीच चालते. फक्त प्रत्येक फेरीनंतर तळाचं पाणी काढून तेल परत भरायचं, बस.

स्क्रू. इथे थोडं थांबा. जुन्या ब्रिटिश इंजिनांत बीए नावाचे आटे असतात, ब्रिटिश असोसिएशनचे, १८८४ चे, आणि गंमत म्हणजे इंग्लिश असूनही ते मिलिमीटरवर बेतलेले आहेत कारण मूळ कल्पना स्वित्झर्लंडमधल्या थ्युरी यांच्या घड्याळाच्या स्क्रूंवरून घेतली. ० बीए चा व्यास ६ मिमी आणि दोन आट्यांमधलं अंतर १ मिमी, आजच्या एम ६ या मेट्रिक स्क्रूचंही अगदी तेच. म्हणून बीए च्या भोकात एम ६ हाताने घुसतो, दोन फेरे जातो, पण आट्यांचा कोन वेगळा, बीए चा साडे-सत्तेचाळीस अंश आणि मेट्रिकचा ६०. पुढे जोर दिला की पितळेतले जुने आटे कापले जातात. आणि पितळेतले आटे परत उगवत नाहीत. जर्मन इंजिनांत वेगळीच मापं निघतात. म्हणून काढलेला प्रत्येक स्क्रू एका कागदावर इंजिनाचं चित्र काढून त्याच्या त्याच्या जागी टोचून ठेवायचा, माझ्याकडे अशा कागदांची एक फाइलच आहे आणि तिने मला कितीतरी वेळा वाचवलंय. स्क्रू अडकला असेल तर पातळ तेल सोडून दोन दिवस वाट बघा, मग खाचेत चपखल बसणारा पेचकस. बरोबर न बसणाऱ्या पेचकसाने फाटलेल्या खाचा हे जुन्या इंजिनाचं सगळ्यात जास्त दिसणारं आणि सगळ्यात टाळता येण्यासारखं नुकसान आहे.

धातूंचे आजार दोन-तीन आहेत ते ओळखायला शिका. जस्ताच्या ओतीव भागांना, विशेषतः १९२०-३० च्या काळातल्या चाकांना, एक रोग होतो, जस्तात शिशाचा नुसता अंश मिसळला गेला असेल तर दमट हवेत धातू आतून फुगतो, तडे जातात आणि एक दिवस हातात भुगा येतो. १९२९ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी झिंक कंपनीने ९९.९९ टक्के शुद्ध जस्तापासून झामाक मिश्रधातू आणला त्यामागचं हेही एक कारण. याला औषध नाही. चिकटवू नका, लेप देऊ नका, नवीन चाकं लावा आणि जुनी, तुटकी का असेनात, डबीत ठेवा.

दुसरं, पितळ कुठे गुलाबी पडलंय का बघा. गुलाबी म्हणजे त्यातलं जस्त निघून गेलंय आणि मागे स्पंजासारखं पोकळ तांबं उरलंय, दिसायला भरीव पण ताकद शून्य. बॉयलरच्या बुशिंगला, म्हणजे व्हॉल्व्ह किंवा बूच ज्यात आवळतात त्या आटे पाडलेल्या कड्याला, असं दिसलं तर ते बुशिंग काढून कांस्याचं बसवायचं, इथे मूळ भाग राखण्याचा हट्ट नको. तिसरा आजार इतिहासात आपल्याकडेच पहिल्यांदा नीट दिसला. एकोणिसाव्या शतकात भारतातल्या ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकायची, म्हणून त्याला सीझन क्रॅकिंग म्हणतात. कारण १९२१ मध्ये उलगडलं, काडतुसं तबेल्यात ठेवलेली, घोड्यांच्या मुतातून अमोनिया, दमट हवा, आणि ठोकून आकार दिलेल्या पितळेत आधीच अडकलेला ताण. तुमच्या इंजिनाचा बॉयलरसुद्धा ठोकून, वाकवून केलेल्या पितळेचाच आहे, म्हणून अमोनिया असलेलं पॉलिश त्याला लावू नका. बाटलीवर वाचा, पितळेच्या पॉलिशांत तो सापडतो.

आणि मुळात पॉलिश कशाला? हे मी मनापासून विचारतो. मी एकदा एक फार चांगलं बिंग इंजिन पाहायला गेलो होतो, आधीच्या मालकाने प्रेमानेच ते चकाचक केलं होतं, रंग घासून काढून नवा स्प्रे मारलेला, सोनेरी रेघा गायब, खालच्या शिक्क्यावरही रंग. वाईट हेतू अजिबात नव्हता, पण त्या रेघा कुणीतरी शंभर वर्षांपूर्वी हाताने ओढलेल्या होत्या आणि त्या आता कुठेच नाहीत. मूळ रंग उडालेला, पोपडे गेलेला, तेलाने काळवंडलेला असला तरी तो एकदाच असतो. कोमट पाण्यात सौम्य साबणाचा एक थेंब, कापसाची काडी, आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात करून बघा, एवढंच. स्पिरिट मात्र रंगापासून लांब ठेवा, ते जुना रंग आणि वॉर्निश विरघळवतं, पुष्कळ इंजिनांचा रंग बर्नर भरताना सांडलेल्या स्पिरिटानेच गेलाय.

रंग घासण्याविरुद्ध आणखी एक कारण आहे आणि ते जिवाचं आहे. जुन्या रंगात शिसं असू शकतं. आणि जुन्या बर्नरची वात, बॉयलरभोवतीचं आवरण, पिस्टनचं दोरीसारखं पांढरट पॅकिंग, हे ॲस्बेस्टॉसचं असू शकतं, त्या काळात ते सर्रास वापरायचे. कोरडं खरवडायचं नाही, फुंकायचं नाही, ब्रश मारायचा नाही. शंका असली तर ॲस्बेस्टॉसच आहे असं धरून चाला, पाण्याने पूर्ण भिजवा, मास्क घाला, भिजलेलं असतानाच पिशवीत बंद करा आणि तुमच्याकडच्या घातक कचऱ्याच्या नियमाने टाका. मोठ्या आवरणाला हातच लावू नका, ते त्यातल्या माणसाचं काम आहे. नवीन वात काचेच्या किंवा सिरॅमिक धाग्याची मिळते, पॅकिंगला ग्राफाइटची दोरी किंवा पीळ दिलेली टेफ्लॉन पट्टी चालते.

बॉयलरच्या आतले क्षार काढायला सायट्रिक ॲसिडचं ५ टक्क्यांचं कोमट द्रावण पुरतं, अर्धा तास, मग स्वच्छ पाण्याने चार-पाच वेळा विसळा. रात्रभर ठेवू नका, आम्ल पितळेतलं जस्तही ओढतं. आणि सावध राहा, कधीकधी क्षारांनीच बारीक भोक बुजवलेलं असतं, साफ केल्यावर गळती उघडी पडते, म्हणून हे काम चाचणीच्या आधी करायचं, नंतर नाही.

आता पेटवू. चाचणी झाली, सिलिंडर घासला, सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून साफ केला. त्याची जुनी स्प्रिंग गंजली असेल तर सरळ नवा, तपासलेला व्हॉल्व्ह लावा आणि जुना नाव लिहून पुडीत ठेवा. बॉयलर आणि व्हॉल्व्ह या दोन बाबतींत मी मूळपणाला दुय्यम मानतो, बाकी सगळीकडे पहिला मान त्याचा. वाफेच्या आधी एकदा अर्ध्या बारच्या हवेने इंजिन चालवून बघा, हवा सिलिंडरच्या नळीला जोडायची, बॉयलरला नाही. हवेवर अडखळणारं इंजिन वाफेवर सुधारत नाही.

मोकळी जागा, खाली पत्रा किंवा फरशी, शेजारी ओलं जाड फडकं. डिस्टिल्ड पाणी मोजून, शक्य असेल तर आधीच गरम करून भरा, स्पिरिट वाचतं. स्पिरिटची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही, हे मी प्रत्येकाला दोनदा सांगतो, विझलीये समजून वरून स्पिरिट ओतणं ही या छंदातली सगळ्यात वाईट चूक आहे. गरम बर्नर कधीही भरायचा नाही. चाकं जमिनीपासून वर उचलून धरणाऱ्या स्टँडवर इंजिन ठेवा, दाब चढला की सेफ्टी व्हॉल्व्ह हाताने एकदा उचलून बघा, तो मोकळा फुस्सकन सुटला पाहिजे. नाही सुटला तर ज्योत विझवा आणि लांब व्हा.

सुटला असेल तर चाक बोटाने फिरवून द्या. पहिले काही फेरे इंजिन पाणी ओकतं, गार सिलिंडरमध्ये वाफेचं पाणी होतं आणि पाणी दबत नाही, म्हणून जोर न करता हळूच पुढे-मागे फिरवत राहायचं, धातू तापला की पाणी थांबतं, तेलाचा तो जडसर गोड वास येतो आणि एकदम ते स्वतःहून चालायला लागतं. पहिल्या दिवशी १० मिली स्पिरिट, जास्त नाही. संपलं की गार होऊ द्या, अंग कोमट असतानाच बॉयलर पूर्ण रिकामा करा, तेलाच्या डबीतलं पाणी काढा, रंगावर उडालेलं तेल मऊ कापडाने टिपून घ्या. किती पाणी घातलं, किती उरलं, किती वेळ चाललं ते वहीत लिहा. ठेवताना रबरी फोममध्ये गुंडाळू नका, तो काही वर्षांत चिघळून रंगाला चिकटतो, सुती कापड घ्या, आणि पाणी भरायचं बूच उघडं ठेवा म्हणजे आतली शेवटची ओल निघून जाईल.